होश-हवास दुरुस्त असता

कार्तिक वद्य ४, शके १८४३. चौसाळा.

रिसाल्यात दफेदार होतो तेव्हा बारा घोड्यांचा रोजनामा माझ्याकडे असे. कुणी किती दाणा खाल्ला, कुणाचा नाल ढिला झाला, कुणाला पोटशूळ उठला, सगळं तारीखवार लिहायचं. आता घोडे नाहीत म्हणून माणसांचं लिहितो. घोडे बरे होते, ही पहिलीच नोंद.

लिहायला सांगितलं सुंदररावांनी. हे बीडच्या कचेरीच्या फाटकाशी सतरंजी टाकून बसतात आणि लोकांचे अर्ज उर्दूत लिहून देतात. म्हणाले, "गहिनीनाथराव, घडेल ते टिपून ठेवा, पुढे पुराव्याला होईल." त्यांचं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच झालो, त्यामुळे ते फार आशावादी आहेत.

मामला असा. निजामसरकारच्या रिसाल्यात मी अकरा वर्षं काढली. मोठ्या लढाईत मिसरला, म्हणजे इजिप्तला गेलो, तिथून शामच्या, म्हणजे सिरियाच्या मुलखात गेलो, आणि परत आलो तेव्हा हातात एक कागद ठेवला. त्यावर दोन गोष्टी आहेत. बरतरफ, म्हणजे नोकरीतून काढलं. चाल-चलन खराब. माझ्याबरोबर गेलेल्यांना दरमहा वजीफा सुरू आहे. त्यात दोघे असे आहेत की त्यांनी मिसरमध्ये कांदे सोलण्यापलीकडे हत्यार उचललं नाही. मला वजीफा नाही. मला त्याचं काही नाही, तो छबुबाईला हवा आहे. छबुबाई म्हणजे आमचं कुटुंब. रिसाला सुटला तरी माझ्यावरचा अंमल सुटलेला नाही, एवढं लिहिलं म्हणजे पुरे.

मला ते 'खराब' खोडून हवं आहे. दूध खराब होतं, रस्ता खराब असतो. अकरा वर्षांत माझ्या हाताखाली एक घोडा लंगडा झाला नाही. परवा पाटलाच्या ओसरीवर बांधाच्या भांडणात पंचांची साक्ष घेत होते. मी सही करायला पुढे झालो तर पाटील म्हणतो, "तुमची साक्ष चालायची न्हाई, दफेदार. तुमचा कागद खराब हाय." ज्यानं बांध कोरला होता तोच माणूस शेजारी बसून मान हलवत होता. त्याची साक्ष चालली.

मार्गशीर्ष शुद्ध ६.

छकडा जोडून बीडला गेलो, अर्ज झाला. सुंदररावांनी पहिल्या बारा ओळी सरकारच्या उदारपणाला दिल्या, दीड ओळ मला. म्हटलं, माझं जरा वाढवा. म्हणाले, "उदारपणा कमी केला तर अर्ज उद्धट दिसतो." गप्प बसलो. अकरा वर्षं हेच शिकलो आहे.

मार्गशीर्ष वद्य २.

खरारा सापडत नाही. बैलांना खरारा करतो त्यावरून घरात कुरकुर चाललीच होती. छबुबाई म्हणते, ढवळ्याचं कातडं सोलवटलं, रक्त यायला लागलं. ढवळ्या काही बोलत नाही. जनावराचं अंग दिवसातून दोनदा साफ व्हावं हा नियम आहे, मी फार तर पाच-सहा वेळा करत असेन. बैलांना नियम नाही असं सरकारनं कुठं लिहिलं आहे?

खरारा आसारामनं नेला असणार. हा आमच्याच गावचा, रिसाल्यात माझ्या हाताखाली साईस होता. घोड्यांची लीद काढायची, पाणी दाखवायचं. माझ्याबरोबर गेला, माझ्याबरोबर आला. त्याचा कागद 'नेक' आहे. साईस नेक आणि दफेदार खराब. आता शेळ्या राखतो आणि रोज सकाळी कारण नसताना आमच्या अंगणात येऊन बसतो. विचारलं, "खरारा कुठंय बे?" तर छबुबाईकडे बघतो. चोराच्या मनात चांदणं.

पौष शुद्ध ११.

सरकारचा जबाब आला. एका महिन्यात आला याचाच सुंदररावांना इतका आनंद झाला की आत काय आहे ते त्यांनी उशिरा सांगितलं. चाल-चलन एकदा लिहिलं की बदलत नाही. मात्र कसूर घडला तेव्हा शिपाई बीमार होता, त्याला खलल-ए-दिमाग होता असं शाबीत झालं, तर 'खराब' रद्द होऊन वजीफाही मिळेल.

"खलल-ए-दिमाग म्हणजे?"

"म्हणजे... डोक्यात थोडी गडबड."

"वेडा म्हणायचंय का तुम्हाला?"

"मी नाही, सरकार विचारतंय," सुंदरराव म्हणाले. वकिलाच्या शेजारी सतरंजी टाकून बसलं की माणूस एवढं शिकतोच.

कागद उचलून घरी आलो आणि छबुबाईला सांगितलं की विषय संपला. ती निंदणीहून आली होती, लोकांच्या रानातल्या. हाताला फोड आले होते. आपलं रान सोडून लोकांच्या रानात जायची हौस बायकांना कुठून येते कळत नाही. आपल्या रानात या वर्षी काही पेरलं नाही, तो भाग वेगळा.

ती म्हणाली, "येडा लिवलं तर तुमचं काय नाक कापतंय व्हय? खराब लिवलेलं चालतंय?"

"मी वेडा नाही."

"मग लई चांगलं. न्हाईत तर लिवायला कावून भेता?"

दोन भाकरी खाल्ल्या. शेवटी म्हटलं ठीक आहे, वेड पांघरून पेडगावला जायचं, लोक जातातच. पेडगाव इंग्रजी मुलखात आहे, निजामसरकारच्या हद्दीतून जाणारा मी पहिलाच असेन.

माघ शुद्ध ३.

दुसरा अर्ज पाठवून तीन आठवडे झाले. छबुबाईनं नारायणगडाला नवस बोलला आहे. कशासाठी ते सांगत नाही. वजीफ्यासाठीच, दुसरं काय असणार.

माघ वद्य ८.

आज जे झालं ते लिहिताना हसू आवरत नाही.

दुसरा अर्ज परत आला. सगळ्या सरकारी कागदांच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं. शेत विका, म्हैस विका, मूल दत्तक घ्या, खाली लिहायचं: 'हे मी अक्कलहुशारीने, होश-हवास दुरुस्त असता लिहून देतो.' सुंदररावांनी तीस वर्षं प्रत्येक कागदाखाली ते लिहिलं. हात सरावलेला, आमच्याही अर्जाखाली लिहिलं. वर बारा ओळी उदारपणा, मग 'अर्जदाराच्या डोक्यात बिघाड आहे', आणि खाली 'होश-हवास दुरुस्त असता'. त्याखाली माझी सही, वळणदार.

सरकारनं शेरा मारला: अर्जदार स्वतःच लिहून देतो की त्याचे होश-हवास दुरुस्त आहेत. सबब अर्ज नामंजूर.

सुंदरराव कपाळाला हात लावून बसले. मी मात्र तो शेरा दोनदा वाचून घेतला. चार वर्षांत सरकारनं माझ्याबद्दल लिहिलेलं हे पहिलं बरं वाक्य. म्हटलं, हाच कागद पाटलाला नेऊन दाखवतो. छबुबाई फाटकाबाहेर छकड्यात बसली होती. ती हसली नाही.

फाल्गुन वद्य १.

तिसऱ्या अर्जात ते वाक्य गाळलं. आज परत. शेरा: अर्जाखाली होश-हवासाचा मजकूर नाही, सबब कागद कायदेशीर नाही.

म्हणजे वेड्यानं अर्ज करायचा तर शुद्धीवर असल्याचं लिहून द्यायचं, आणि शुद्धीवर असेल तर अर्ज करायचा नाही. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी सुंदररावांना म्हटलं, मी तीनदा चढलो, हाच पुरावा जोडा. त्यांनी ते खरंच टिपून घेतलं.

आता त्यांनी तिसरी वाट काढली आहे. अर्ज छबुबाईनं करायचा, माझी वली, म्हणजे पालक म्हणून. वली असते अज्ञान पोराला. होश-हवास तिचे, बिघाड माझा. घरात असंच आहे असं तिचं म्हणणं पहिल्यापासून आहे, आता फक्त त्यावर अंगठा उठेल. सोबत डॉक्टरची चिठ्ठी लागते.

चैत्र शुद्ध ९, शके १८४४.

डॉक्टरकडे जाऊन आलो. छबुबाई सोबत होती. वाटेत तिनं बजावलं, "जे इचारतील त्ये खरं सांगा. श्यानपन पाजळू नका." म्हणजे काय करायचं ते सांगितलं नाही.

डॉक्टरांनी वार विचारला, सांगितला. महिना विचारला, मराठी, फसली आणि इंग्रजी तिन्ही सांगितले. शंभरातून सात-सात वजा करायला लावलं, दोनवर येऊन थांबलो. त्यांचं घड्याळ दहा मिनिटं मागे होतं तेही सांगितलं. डॉक्टर चिठ्ठी बाजूला सारून म्हणाले, "अहो, हा माणूस ठणठणीत आहे. सरकारला पेडगावला न्यायला निघालात काय?" छबुबाईनं मान खाली घातली. तिला इतकं हरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. का कुणास ठाऊक, मला ते जिंकल्यासारखं वाटलं नाही.

तेवढ्यात मागे कंपाउंडरच्या हातून पत्र्याचं तबक फरशीवर पडलं. मी नेहमीच्या चपळाईनं डॉक्टरांना खाली ओढलं, टेबलाखाली घातलं आणि वर पडून राहिलो. दुसरा गोळा केव्हा पडेल सांगता येत नाही, म्हणून दाबून धरलं. डॉक्टर आरडाओरडा करत होते. बायकोला पण ओरडून सांगितलं, भिंतीला लाग. आभार तर राहिलेच, कोट फाटला म्हणून माझ्याकडे असे बघत होते की मीच तबक पाडलं. छबुबाईनं माझी बोटं एक एक करून सोडवली. तिला ती सवय आहे असं दिसलं.

मग डॉक्टर पाणी प्यायले आणि त्यांनी पानभर चिठ्ठी लिहून दिली. फी घेतली नाही. कोटाचेही मागितले नाहीत, हे नवलच.

वैशाख शुद्ध १३.

तालुकदारसाहेबांपुढे सुनावणी झाली. कचेरीत पंखा ओढणारा शिपाई, दोन कारकून, सुंदरराव, मी आणि साक्षीला आसाराम. छबुबाई बाहेर ओसरीवर, बांबूच्या चिकाच्या पडद्याला टेकून.

मी ठरवून गेलो होतो की वेडबीड राहू दे, साहेब समोर आहेत तर खरी हकीकत सांगायची, म्हणजे 'खराब' आपोआप जाईल. साहेबांनी विचारलं, "कूच का हुकूम हुआ, तुम उठे नहीं. क्या करते थे वहाँ?"

"खरारा, हुजूर."

"घोडी तो मर चुकी थी."

"जी. पण डावी बाजू झाली होती. उजवी बाजू खाली होती, जमिनीकडे. खरारा अर्धा टाकायचा नाही हा नियम आहे. एकट्यानं घोडी पालथी होत नाही, म्हणून वेळ लागला."

"कितना वक्त?"

"अर्धा तास, हुजूर. फार तर."

साहेबांनी आसारामला पुढे बोलावलं. हा माणूस शेळ्यांशी बोलतो त्याहून जास्त कुणाशी बोलत नाही. आज सुटला. "तीन दिस, हुजूर. रिसाला फुडं निघून गेलता. मला दफेदाराला आणायला मागं ठिवलं. साहेबानं जाताना पिस्तूल डोक्याला लावलं, तरी उठंना. पानी दिलं तर घोडीच्या तोंडाला लावायचा. वास सुटला, माशा घोंगावाय लागल्या, ह्यो आपला खरारा करतोय. घोडीचं नाव शेवंती व्हतं. तिच्याशी बोलायचा. तिसऱ्या दिशी मी म्हनलो, दफेदार, शेवंती निजली, आता तिला निजू द्या. तवा उठला. हाताची कातडी गेलती, हुजूर, दोनी हाताची."

शिपायाचा पंखा थांबला होता. साहेबांनी चष्मा काढून पुसला, मग परत पुसला.

आसाराम साफ खोटं बोलला. पण काय सफाई! असा साक्षीदार पाटलाच्या ओसरीवर मिळाला असता तर निम्मी गावं कोरून झाली असती. दोस्तीखातर बोलला, म्हणून बाहेर आल्यावर त्याला काही म्हटलं नाही. घोडीचं नाव मात्र सांगायला नको होतं. रोजनाम्यात ती एकशे सतरा नंबर होती. परत येताना छकड्यात छबुबाई रडत होती. सुनावणी इतकी चांगली झाली आणि ही रडते.

आषाढ वद्य ५.

हुकूम आला! सुंदरराव स्वतः चौसाळ्याला आले, पावसापाण्याचे. अंगणात उभं राहून मोठ्यानं वाचलं: "चाल-चलन, नेक." मग कागदाची घडी घालून छबुबाईच्या हातात दिली. म्हटलं, एवढा लांब कागद आणि दोनच शब्द? म्हणाले, "बाकी सगळा सरकारी उदारपणा, गहिनीनाथराव."

वजीफाही सुरू झाला. तो छबुबाईच्या अंगठ्यानं मिळणार. नेक मी, अंगठा तिचा. सरकारचं गणित सरकारला ठाऊक. गूळ वाटला. पाटलालाही दिला, जास्तच दिला. आसारामनं गूळ हातात घेतला आणि तसाच शेळीला चारला.

आषाढ वद्य ९.

पाटलाकडे परत साक्षीचा प्रसंग आला. ऐटीत हुकूम घेऊन गेलो. पाटलाकडे शाळेचे मौलवी बसले होते, त्यांनी तो वाचला. आधी मनात वाचला. मग म्हणाले, "दफेदार, घरी जाऊन वाचू." मी म्हटलं, इथेच वाचा, सगळ्यांपुढे, सगळा.

त्यांनी वाचला. कसूर खलल-ए-दिमागमुळे घडला, सबब चाल-चलन नेक. शिपाई अजूनही बीमार आहे. त्यानं केलेला करार, दिलेली साक्ष, केलेली सही ग्राह्य नाही. वजीफा त्याच्या औरतीला वली म्हणून. दर साल डॉक्टरनं मुआयना करावा. होश-हवास दुरुस्त आढळले तर वजीफा बंद.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं. पाटील म्हणाला, "बसा, दफेदार, च्या घ्या." याच माणसानं मला कधी बसा म्हटलं नव्हतं.

आषाढ वद्य १०.

काल लिहायचं थांबवलं. आज लिहितो.

दुपारी छबुबाई चुलीपुढे होती. मी विचारलं, "तुला ठाऊक होतं, काय लिहिलंय ते?"

"व्हय."

चिडून म्हटलं, "मग झालं तुझ्या मनासारखं. आता मी दरसाल डॉक्टरपुढे जाऊन वेडा राहिलं पाहिजे. वार विचारला की चुकीचा सांगेन. घाबरू नकोस, तुझा वजीफा जाऊ देत नाही."

तिनं तव्यावर भाकरी टाकली आणि माझ्याकडे वळली. इतक्या वर्षांत मी तिचा आवाज चढलेलाच ऐकला आहे. आज चढलेला नव्हता.

"जाऊ द्या की वजीफा. मला काय करायचाय? तुमाला बरं वाटलं तर उद्याच्याला जाऊ द्या. निंदायला माजे हात हायेत. पन त्यो कागद खराब म्हनत व्हता तवर तुमी आजारी हाय हे कुनी ऐकूनच घेत न्हवतं, अन् तुमी तर न्हाईच न्हाई. चार वर्सं झाली. लढाईला गेलता त्यो मानूस मला वापस पायजे. त्याचा अर्ज कुटं करायचा तेवढं सुंदररावाला इचारा."

मी काहीतरी चुरचुरीत बोलणार होतो. ते राहिलं आणि मी रडलो, दफेदार, अकरा वर्षांची नोकरी, भर दुपारी चुलीपुढे. लाज वाटली नाही. आता लिहितानाही वाटत नाही.

मग मी म्हणालो, "आसाराम खोटं बोलला नव्हता."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "तुमी सांगा."

मी सांगायला लागलो. पहिल्या दिवसापासून. भाकरी तव्यावर करपली, तरी ती उठली नाही.